सॉकेटचे तिसरे भोक

वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही घरोघरी जातो. पनवेलचा पाऊस, ओल धरलेल्या भिंती आणि त्याच भिंतीवर विजेचा बोर्ड. कुठे वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये खुपसून काड्यांनी घट्ट केलेली असतात, कुठे प्लगची तिसरी पिन तोडलेली. "चालतंय ना, मग झालं!" असे उत्तर मिळते.

सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत 230 व्होल्टचा पुरवठा असतो. वरचे मोठे भोक अर्थिंगचे. फ्रिज, कूलर किंवा इस्त्रीच्या धातूला आतली वायर टेकली, तर वीज या तिसऱ्या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ही वाट नसेल, तर फ्रिजच्या पत्र्यातच वीज राहते आणि अनवाणी पायांनी दार उघडणाऱ्या आईच्या शरीरातून जमिनीत उतरते. ओल्या त्वचेतून ती सहज शिरते आणि हृदय बंद पाडू शकते.

म्हणून एवढे कराच :

• अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आली आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. खोली भाड्याची असेल, तर घरमालकाला सांगा. ही मेहरबानी नाही, गरज आहे.

• मेन स्विचजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज शरीरातून जमिनीत जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो.

• लहान सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे सुमारे 1380 वॅटचा. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

• मुलांच्या हाताला येणारे सॉकेट झाकणाचे घ्या.

कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा. 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहा. माणूस उठून बसला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीजविकासाचे धोरण आखले. ती वीज आज आपल्या घरात आहे. तिने कुणी दगावले की "त्याची वेळ भरली होती" असे म्हणू नका. दुःखाला कारण असते, हे तथागतांनी शिकवले. इथे ते कारण भिंतीवर दिसते आहे. ते दूर करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!