माहेरी मुसाफिर

रमजानच्या रोजांतून काही जणांना सवलत आहे. आजारी माणूस आणि मुसाफिर, म्हणजे प्रवासी, यांनी सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत, असे कुरआन सांगते. प्रवाशाला नमाजातही सूट आहे. कोकणातले शाफई सोडले, तर महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी परंपरा पाळतात. त्या परंपरेत सुमारे 77 किलोमीटरहून लांब गेलेला आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम करणारा मुसाफिर ठरतो. चार रकअतींची फर्ज नमाज तो दोनच रकअतींत अदा करतो.

या नियमाची दुसरी बाजू मला अम्मीमुळे कळली. लग्न होऊन सासरी कायमची नांदायला आलेल्या मुलीचे वतन म्हणजे सासर. म्हणून ती आठ दिवसांसाठी माहेरी गेली, तर जिथे जन्मली त्याच घरात मुसाफिर! नानीच्या घरी अम्मी दोन रकअतींवर सलाम फेरायची आणि शेजारच्या मुसल्यावर नानी चार पूर्ण करायची. लहानपणी मला त्याचे नवल वाटे.

अम्मी 1974 साली मऊहून मालेगावला आली. मऊ तेव्हा आझमगड जिल्ह्यात होते. दोन्ही गावे विणकरांची. 1857 नंतरच्या काळात उत्तरेतले मोमीन विणकर मालेगावात येऊन वसले, त्यामुळे मोहल्ल्यातली भाषा अम्मीला परकी नव्हती. पण बाजार, दवाखाना, कचेरी सगळे मराठीत. ती मराठी शिकली भाजीवाल्या बायकांकडून, भाव करता करता. अजूनही तिला आकडे मराठीत चटकन येतात, दुवा मात्र उर्दूतच.

अब्बा दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. मालेगावच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. अम्मीला तीही नव्हती. ती घरी कांड्या भरायची. रमजानात सहेरी उरकून आम्ही पुन्हा झोपायचो, तेव्हा तिचे चाक फिरायला लागायचे. दुपारी घसा कोरडा पडला की सूत तोंडाशी धरून बसल्यासारखी गप्प व्हायची, पण हात थांबायचे नाहीत.

नानी गेल्याचे पत्र तिच्या हाती नवव्या दिवशी पडले. तिने वुजू केला, यासीन पढली आणि उरलेल्या कांड्या भरायला बसली. दुसऱ्या दिवशी माझी फी भरायची होती, हे मला मोठेपणी कळले. मऊला जाण्याइतके भाडे घरात नव्हतेच.

दहावीनंतर मी कॉलेजात जाणार म्हटल्यावर नातेवाइकांनी विचारले, मुलीला मोसम पुलापलीकडे कशाला धाडता? अम्मी म्हणाली, "मैं दो दिन की रेल में बैठ के आई, इससे एक पुल पार न होगा?" पहिला आठवडाभर ती बुरखा सावरत माझ्याबरोबर पूल ओलांडून यायची, फाटकाशी मला सोडून परतायची आणि कांड्यांना बसायची. आज मी ज्या भाषेत हे लिहिते आहे, ती मला त्या फेऱ्यांनी मिळाली.

जकात म्हणजे बचतीतला अडीच टक्के हिस्सा. कुरआनने तिचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. मामा म्हणतात, मऊला गरीब नातेवाईक आहेत, सगळे तिकडेच पाठव. अम्मी निम्मे पाठवते. निम्मे ती बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांसाठी ठेवते. गावी आई आजारी आहे आणि भाडे नाही, असे कुणाचे कळले की त्याच्या तिकिटाचे पैसे ती देते. "आखरी दीदार तो हो जाए," एवढेच म्हणते.

या रमजानात तिने दोन तिकिटांचे पैसे बाजूला काढले आहेत. आपल्या गावातही बेकरीत, बांधकामावर, वीटभट्टीवर असे कुणी असेल. ईदला, दिवाळीला, छठला तो घरी जाणार आहे का, एवढे एकदा विचारून पाहा.