लेसर आणि आर्क : वीस मीटरचा एकसंध जोड

जर्मनीत एम्स नदीकाठी पापेनबुर्ग हे गाव आहे. तिथली मायर वेर्फ्ट ही जहाजगोदी १७९५ पासून चालत आली आहे आणि आज ती प्रचंड क्रूझ जहाजांसाठी ओळखली जाते. जहाज अवाढव्य असलं तरी त्याच्या डेकचे पोलादी पत्रे काही मिलिमीटरच जाड असतात. नुसत्या विजेच्या आर्कने जोडले तर उष्णतेने ते वाकतात आणि सरळ करण्यात बरीच मेहनत जाते. त्यामुळे या शतकाच्या सुरुवातीला गोदीने लेसर आणि आर्क एकत्र वापरणारं लेसर-हायब्रिड वेल्डिंग स्वीकारलं. पत्र्यांच्या कडा मिलिंग करून २० मीटरपर्यंतचा जोड तिथे सलग मारला जातो.

या पद्धतीचा पाया लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात विल्यम स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घातला. लेसरचा झोत पडतो त्याच जागी आर्क ओढला जातो, हे त्यांना दिसलं. झोताखाली धातूची वाफ होते. त्या वाफेतून वीज सहज वाहते, म्हणून आर्कला ठरलेली वाट मिळते. एरवी वेग वाढवला की आर्क भरकटतो आणि जोडावर उंचवटे येतात. लेसर सोबत असला की आर्क जास्त वेगातही जागा सोडत नाही.

लेसरचीही एक अडचण असते. त्याचा झोत मिलिमीटरच्या अंशाएवढा बारीक. तो वितळलेल्या धातूत खोल, अरुंद भोक पाडतो. त्याला कीहोल म्हणतात. वाफेचा दाब ते उघडं ठेवतो, तर द्रवाचा पृष्ठताण ते मिटवू पाहतो. ही ओढाताण बिघडली की कीहोल कोसळतं, आत वायूचे बुडबुडे अडकतात आणि जोड सच्छिद्र होतो. शिवाय दोन पत्र्यांमध्ये थोडी फट राहिली तरी झोत निसटून जातो. इथे आर्क मदतीला येतो. त्याची वायर वितळून फट भरते आणि वितळलेल्या धातूचं डबकं रुंद होतं. ते सावकाश थिजतं, त्यामुळे बुडबुड्यांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

हा मेळ टिकतो तो काटेकोर मापांवर. झोत आणि वायरचं टोक यांच्यात साधारण दोन ते पाच मिलिमीटर अंतर ठेवतात. जवळ आणलं तर वायरचे थेंब कीहोलवर पडून ते मिटवतात. फार लांब नेलं तर दोन्ही वेगवेगळे काम करू लागतात आणि एकमेकांचा आधार सुटतो. थेंबही नेमका पडावा म्हणून पल्स करंट वापरतात. एका पल्सला एक थेंब, हे त्यातलं उद्दिष्ट.

वायूची निवडही तितकीच नाजूक. गोदीतल्या सुरुवातीच्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा होता. जोडावरचा प्लाझ्मा तो शोषतो, म्हणून हेलियम लागायचा; आर्कला मात्र आर्गॉन मानवतो. दोघांचं जमवायला वायूंचं मिश्रण करावं लागे. फायबर लेसरची तरंगलांबी सुमारे एक मायक्रोमीटर असल्याने हा पेच बराच सैल झाला.

आज हाय-स्पीड कॅमेरे, प्रकाशसंवेदक आणि करंट-व्होल्टेजचे आलेख यांच्या मदतीने जोड पडत असतानाच बिघाड ओळखता येतो. पण बिघाडाचं मूळ बहुतेकदा आधीच्या कामात असतं : नीट न कापलेली कड, गंज, ढिला क्लॅम्प. म्हणून पत्र्याची कड घासून, पुसून तयार करणाऱ्या कामगारालाही या यंत्राच्या यशाचं तितकंच श्रेय द्यायला हवं. स्थिर जोडाची सुरुवात त्याच्या हातून होते.