घोडा आणि गाढव यांच्या वीर्याची साठवण

घोड्याचे वीर्य शरीराबाहेर फार काळ टिकत नाही, म्हणून ते थंड करून किंवा गोठवून ठेवतात. थंड करताना त्यात साय काढलेले दूध, ग्लुकोज व प्रतिजैविक असलेले द्रावण मिसळून तापमान ५ अंश सेल्सियसपर्यंत उतरवतात. खरी नाजूक अवस्था २० ते ८ अंशांच्या दरम्यानची. तेथे घाई केली तर शुक्राणूंच्या आवरणाला इजा होते. असे वीर्य साधारण २४ ते ४८ तास उपयोगी पडते.

गोठवण्यासाठी वीर्य सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातील बहुतेक द्रव वेगळा करतात. उरलेल्या शुक्राणूंत अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल मिसळतात. बर्फाच्या स्फटिकांपासून पेशी वाचाव्यात, हे ग्लिसरॉलचे काम. मग अर्ध्या मिलिलिटरच्या स्ट्रॉ भरून त्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. तेथे त्या वर्षानुवर्षे टिकतात. मात्र एकाच जातीच्या दोन घोड्यांचे वीर्यही सारखे गोठत नाही, आणि ही अडचण अजून पुरती सुटलेली नाही.

गाढवाचे कोडे वेगळेच. गोठवून वितळवल्यावर शुक्राणू चांगली हालचाल करताना दिसतात, पण गाढवीत गर्भधारणेचे प्रमाण कमीच राहते. घोडीत तेच वीर्य खेचरासाठी वापरले, तर निकाल बरा येतो. ग्लिसरॉलचा दुष्परिणाम आणि गर्भाशयाचा दाह ही गाढवीतील कमी गर्भधारणेची संभाव्य कारणे मानली जातात.

भारतात हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने मारवाडीसारख्या देशी जातींसाठी हे तंत्र वापरले आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना मात्र ते वर्ज्य आहे. कृत्रिम रेतनातून जन्मलेल्या शिंगराची वंशनोंदणीच होत नाही.