अंधारातली ऊब टिपणारा तळहाताएवढा संगणक

हिंदीत 'इमली' म्हणजे चिंच. भोपाळमधील चार इमली ही मंत्री व वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांची, झाडीने वेढलेली वसाहत. तेथून काही किलोमीटरवरील मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघ शिरला आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर वन विभागाने त्याला पकडले. केरवा आणि कलियासोतच्या रानाला भिडलेल्या या शहराचा प्रश्न आपल्या सत्तरी-सांगे भागालाही अपरिचित नाही : रात्री कुंपणापाशी काय उभे आहे, हे कसे ओळखावे?

साधा कॅमेरा वस्तूवरून परावर्तित होणारा प्रकाश टिपतो. औष्णिक कॅमेरा मात्र प्रत्येक वस्तूतून बाहेर पडणारे अवरक्त किरण टिपतो. त्यामुळे त्याला दिवा लागत नाही.

'एमएलएक्स ९०६४०' हा असाच एक छोटा संवेदक. आडवे ३२ आणि उभे २४ अशा ७६८ बिंदूंचे तापमान तो मोजतो. 'रास्पबेरी पाय' या एकाच पट्टीवर सामावलेल्या संगणकाला तो चार तारांनी जोडता येतो. ४० पिनांपैकी पहिल्या पिनेवरून ३.३ व्होल्ट, तिसरीवरून माहिती, पाचवीवरून कालस्पंद आणि सहावीला भूसंपर्क. वीजपुरवठा बंद ठेवूनच तारा जोडाव्यात. नंतर संगणकात 'आय-टू-सी' ही संपर्कप्रणाली सुरू करून तपासणीची आज्ञा द्यावी. ३३ हा पत्ता दिसला, की जोडणी जमली. चित्र संथ येत असेल, तर संपर्काचा वेग ४०० किलोहर्ट्झपर्यंत वाढवावा.

खरी कसोटी यापुढेच आहे. ५५ अंशांच्या भिंगातून पाहताना दहा मीटरवर एक बिंदू साधारण ३० सेंटिमीटर रुंदी व्यापतो. तेथे आडवा उभा वाघ पाच-सहा बिंदूंचा दिसेल. पन्नास मीटरवर मात्र एकाच बिंदूत दीड मीटर सामावते. मग वाघ, वासरू की उन्हाने तापलेला दगड, हे सांगणे अशक्य होते. उन्हाळ्यात जमीन शरीराइतकीच तापलेली असते, तेव्हा उबेचा फरकच पुसला जातो. काचेतून हे किरण पार होत नाहीत, म्हणून खिडकीआड ठेवलेला संवेदक बाहेरचे नव्हे, काचेचेच तापमान सांगतो.

म्हणून या यंत्राचे काम ओळख पटवण्याचे नव्हे, जागे करण्याचे आहे. गोठ्याच्या किंवा परसाच्या तोंडाशी, दहा-पंधरा मीटरच्या टप्प्यात, सावलीत व पावसापासून जपून ते बसवावे. भोवतालापेक्षा उबदार असा चार-पाच बिंदूंचा पुंजका हलू लागला, की संगणकाने घंटा वाजवावी. मात्र घंटा वाजली म्हणून विजेरी घेऊन बाहेर धावू नये. दार लावून घ्यावे आणि वन विभागाला कळवावे. पडद्यावरच्या पुंजक्याला दात आहेत की शिंगे, हे तपासण्याची जबाबदारी प्रशिक्षित पथकाचीच.