रंग शेवटी, पाणी आधी

बंब म्हटला की आपल्याला न्हाणीतला तांब्याचा बंब आठवतो. आग विझवणाऱ्या मोटारीलाही बंबच म्हणतात. आज तिची गोष्ट वाचू.

मोडका जुना बंब घ्यायचा आणि सवडीने दुरुस्त करायचा, असा काही लोकांना छंद असतो. इंग्लंडात १९५३ ते १९५६ या वर्षांत पुष्कळ हिरवे बंब बांधले गेले. १९७७ साली तिथल्या बंबवाल्यांनी संप केला. तेव्हा लष्कराच्या शिपायांनी हे बंब चालवले. पुढे सरकारने ते मोडीत काढले. त्यातले काही हौशी माणसांनी घेतले आणि पुन्हा चालू केले.

हे काम कसे करतात?

इंजिन घाईने सुरू करायचं नाही. आधी जुनं पेट्रोल आणि जुनं तेल काढायचं. इंजिन हाताने फिरतं का ते बघायचं. जाम असेल तर जोर करायचा नाही. आत थोडं तेल सोडून एक-दोन दिवस थांबायचं.

मग ब्रेक पाहायचे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. टाकीत हजार लिटर पाणी भरले, म्हणजे गाडीवर दहा क्विंटल कापूस लादला म्हणून समजा. शिवाय पाणी हिंदकळतं. ब्रेक कच्चे असले तर अशी गाडी थांबेल कशी?

मग पंप. तो मोटारीच्याच इंजिनावर चालतो. आत पात्यांचे चाक असते. ते गरगर फिरते आणि पाणी जोराने बाहेर फेकते. विहिरीवरचा पंप सुरू करताना आपण आधी त्यात पाणी भरतो. आत हवा राहिली तर तो पाणी ओढत नाही. बंबाचंही तसंच आहे. म्हणून ओढीच्या नळीला बारीक चीरसुद्धा चालत नाही. कडक झालेले रबर बदलावेच लागते.

लाल रंग आणि पितळी घंटा सगळ्यांत शेवटी. रंग चकाकतो, पण पाणी येत नाही, तर तो बंब नुसता शोभेचा!

आग कुणासाठी थांबत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. बंबवाले धावून गेले. चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. आग विझवणारे ६६ जवान कामी आले. त्यांच्या आठवणीसाठी दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

आपला यवतमाळ जिल्हाही कापसाचा. कापसाच्या गंजीत ठिणगी शिरली, की वरून विझल्यासारखी दिसते, पण आत धुमसत राहते. बिडीचे एक थोटूक पुरते. १०१ किंवा ११२ वर फोन लगेच करावा. पण गावात बंब पोचायला वेळ लागतो.

तोवर आपणच आपले बंबवाले. हंगामात गंजीजवळ पाण्याची पिंपे, बादल्या आणि वाळू ठेवा. तिथे कुणाला बिडी पेटवू देऊ नका. आठवड्यातून एकदा बघा, पिंप गळत तर नाही? बादली दुसऱ्या कामाला गेली तर नाही?

जुना बंब दुरुस्त करणारा माणूस आग लागायची वाट बघत नाही. तो आधीच पाणी सोडून पाहतो. आपणही तसंच करावं. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.