चहा एक, चवी अनेक : गरम, गार आणि कपाचा मान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दीक्षाभूमीवर आलेल्या परदेशी भिक्खूंपैकी तिघेजण आमच्या वस्तीतील विहाराला भेट देण्यास आले. दोघे थायलंडचे, एक श्रीलंकेचे. महिला मंडळाच्या उपासिकांनी सकाळपासून तयारी केली होती. दुपारी चार वाजता चहा आला. आपल्या नागपुरात पाहुण्याला देतात तसाच. भरपूर दुधाचा, आले-वेलची घातलेला, साखर सढळ हाताने. कप नवे, बशाही नव्या. भिक्खूंनी स्मित केले, पण कपाला हात लावला नाही. बघता बघता चहावर साय धरली.

आमच्या आईने तेव्हा सत्तरी ओलांडली होती. ती आमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काऊन रे बाबू, भन्तेजीनं चहाले हात नाई लावला. यायलेबी आपल्या हातचा चालत नाई का?"

हा प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर सुन्न झालो. आईच्या लहानपणी तिच्या गावच्या हॉटेलात आपल्या लोकांना आत बसता येत नसे. मागच्या भिंतीला एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेले दोन-चार कप पालथे ठेवलेले असत. आपला कप आपणच घ्यायचा, वरून ओतलेला चहा झेलायचा आणि पिऊन झाल्यावर आपणच धुऊन पुन्हा पालथा घालायचा. ज्याच्या मनात असा कोनाडा कोरलेला आहे त्याला न प्यालेल्या कपाचा अर्थ एकच दिसतो.

तेवढ्यात भिक्खूंसोबत आलेल्या तरुण श्रामणेराने खुलासा केला. विनयाच्या नियमाप्रमाणे भिक्खू मध्यान्हानंतर आहार घेत नाहीत. त्यांच्या परंपरेत दूध हे आहारात मोडते. कोरा चहा मात्र चालतो. झाले! पाच मिनिटांत कोरा चहा आला, त्याच नव्या कपांतून. तिघांनी तो आवडीने घेतला. श्रीलंकेच्या भन्तेजींनी तर खुणेने गूळ मागितला. त्यांच्या देशात कोऱ्या चहाच्या घोटाबरोबर गुळाचा खडा तोंडात धरण्याची रीत आहे. आईने घरून गूळ आणून दिला. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आम्ही पाहिले ते शब्दांत सांगता येणार नाही.

तेव्हापासून चहा या विषयाची आम्हाला गोडी लागली. जे वाचले, जे पाहिले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

देशोदेशीचा चहा

पान एकाच झाडाचे. पण देश बदलला की चव बदलते. जपानी माणूस हिरवा चहा पितो, दूध नाही, साखर नाही. त्या देशात चहाची आवड रुजवण्यात एका बौद्ध भिक्खूचा मोठा वाटा आहे. एइसाई नावाचे हे झेन आचार्य १९९१ साली नव्हे, तर त्याच्या आठशे वर्षे आधी, म्हणजे ११९१ साली चीनहून परतले. त्यांनी चहाच्या बिया सोबत आणल्या असे मानतात. पुढे त्यांनी चहाच्या गुणांवर ग्रंथही लिहिला. ध्यानाला बसणाऱ्यांची झोप उडावी म्हणून मठांतून चहाचा प्रसार झाला. आज तेथे उन्हाळ्यात बिनसाखरेचा गार चहा बाटलीतून पितात. भाजलेल्या सातूचे 'मुगिचा' नावाचे गार पेयही घरोघरी असते. त्यात चहाचे पान औषधालाही नसते.

तिबेटी बांधवांची तऱ्हा निराळी. विटेसारखा घट्ट दाबलेला चहा ते उकळतात, त्यात मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळतात. बर्फाळ मुलखात अंगात ऊब आणि ताकद टिकावी हा त्यामागचा हेतू. त्यासाठी तिबेटला जाण्याची गरज नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात नागपूरच्या रस्त्यांवर स्वेटर विकणारे तिबेटी स्त्री-पुरुष आपण पाहतोच.

म्यानमारमध्ये चहा पितात आणि खातातही. मुरवलेल्या चहाच्या पानांची शेंगदाणे, तीळ, लसूण घालून केलेली कोशिंबीर तेथे पाहुण्यांना देतात. थायलंडमध्ये कडक चहात साखर व आटवलेले गोड दूध घालून तो बर्फाच्या पेल्यात ओततात. रंग नारिंगी, चव अतिगोड. तुर्कस्तानात दरडोई चहा जगात सर्वांत जास्त खपतो. तो लहान काचेच्या पेल्यातून, दुधाविना आणि गरमच. इंग्रज मात्र दूध घालतो. आपल्याला चहात दूध घालण्याची सवय त्याच्यामुळेच लागली, पण उकळण्याची, आले कुटून टाकण्याची कला आपली स्वतःची.

बर्फाचा चहा

गेल्या उन्हाळ्यात आमची मुलगी आम्हाला सीताबर्डीच्या एका चकचकीत दुकानात घेऊन गेली. तिने 'आइस टी' मागवला. उंच पेला, बर्फाचे खडे, लिंबाची फोड. आम्ही घोट घेतला. चहाची नुसती आठवण होती, बाकी सरबत. बिल पाहिले तेव्हा मात्र घाम फुटला. तेवढ्या पैशात आमच्या घरी आठवडाभर चहा होतो.

अमेरिकेत मात्र हाच खरा चहा. तेथे जेवढा चहा पितात त्यातील सुमारे तीन चतुर्थांश किंवा अधिक गारच पितात. असे सांगतात की १९०४ साली सेंट लुईस शहरातील जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करण्यासाठी रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचे गृहस्थ गेले होते. उकाड्यात गरम चहाकडे कोणी फिरकेना, तेव्हा त्यांनी त्यात बर्फ टाकला आणि लोकांची झुंबड उडाली. तथापि गार चहाची कृती त्यापूर्वीच, १८७० च्या दशकातील अमेरिकन पाकपुस्तकांत छापली गेली होती. ब्लेचिन्डेन यांनी फक्त त्याचा बोलबाला केला. म्हणजे अमेरिकेच्या बर्फाच्या पेल्यातही आपल्या देशातील मळ्यांचा चहा होता!

मग गार चहा तेथे रुजला, येथे का नाही? आमच्या मते कारण साधे आहे. अमेरिकेत गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून विकण्याचा मोठा धंदा होता. १८३३ साली तो बर्फ जहाजाने कलकत्त्यापर्यंत आला होता, पण साहेबांच्या पेल्यासाठी. कामगाराच्या घरात चूल होती, बर्फ नव्हता. आवड ही जिभेवर जन्मते असे आपण समजतो, पण ती बहुधा घरात काय आहे त्यावर ठरते.

आपल्याला चहा कोणी लावला?

आजी-पणजीच्या काळी आपल्याकडे चहा नव्हता. आसामचा चहा १८३९ साली लंडनच्या लिलावात विकला गेला. मळ्यांत राबायला छोटानागपूर, संथाळ परगणा, मध्य प्रांत येथून आदिवासी व गरीब माणसे करारावर नेली गेली. करार मोडला तर शिक्षा. जगाला तरतरी देणाऱ्या पेयामागे या लोकांचा घाम आहे, हे विसरता कामा नये.

हा चहा परदेशी जाण्यासाठी पिकत होता. १९०३ साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे रेल्वे स्टेशने, बाजार, गिरण्या येथे चहा करून दाखवणे, फुकट वाटणे, पाट्या लावणे असे प्रकार झाले. १९३० साली आसामातील अमगुरी मळ्यात सी.टी.सी. यंत्र निघाले. हे यंत्र पान चुरून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या करते. ही पत्ती स्वस्त, कडक आणि थोडीशी घातली तरी रंग देणारी. दूध-साखर घालूनही तिची चव मरत नाही. स्वातंत्र्यानंतर ही पत्ती घरोघर पोहोचली. आज भारतात पिकणाऱ्या चहाचे पाचातले सुमारे चार हिस्से भारतातच खपतात. आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. ती मिल २००२ साली बंद पडली. पण पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर घेतलेल्या अर्ध्या कपाची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत.

मे महिन्यात गरम चहा का?

बाहेरचा पाहुणा विचारतो, पारा ४५ अंशांच्या वर असताना तुम्ही नागपूरकर वाफाळता चहा कसा पिता? याला वेड म्हणू नका. २०१२ साली कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्या माणसांना गार व गरम पाणी पाजून तपासले. गरम पाण्याने घाम अधिक सुटला आणि तो वाळताना शरीरातील उष्णता अधिक बाहेर गेली. अट एकच, घाम वाळला पाहिजे. आपला माठ याच तत्त्वावर चालतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत माठ गार, पावसाळ्यात तोच कोमट. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हात गरम चहा चालून जातो, मुंबईच्या दमट हवेत त्याचा तसा उपयोग नाही. पण हे ध्यानात ठेवा, चहा ही पाण्याची जागा घेऊ शकत नाही. उन्हात काम करणाऱ्याने पाणी, कैरीचे पन्हे, ताक हेच आधी घ्यावे.

कप कोणाचा?

जगात वाद आहे चहा गरम की गार. आपल्या देशात वाद होता कप कोणाचा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे मिशनऱ्यांकडून चहा आला. त्यावरून एवढा गहजब झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. थोरामोठ्यांची ही कथा, मग आपल्या माणसांची काय!

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना पैसे देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले. गिऱ्हाईक येईना तेव्हा महाराज स्वतः हॉटेलापुढे गाडी थांबवून चहा मागवीत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यायला लावीत. एका कपाने जे काम केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते.

परंतु राजा नेहमी भेटत नाही, म्हणून कायदा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्याचा मसुदा केला त्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या कायद्याने तर हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. चहाच्या कपासाठी कायदा करावा लागला, यातच सारे आले.

कायदा झाला तरी कोनाडे राहिले. २००४ साली आम्ही एका कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झालो. तेथे वर्गणीचा चहा होता. आठवड्याने लक्षात आले की आमचा कप रोज तोच असतो आणि तो इतरांपासून दूर, खिडकीत ठेवला जातो. आम्ही भांडलो नाही. पहिल्या पगारातून एकसारखे बारा कप आणले आणि जुने सर्व कप उचलून ठेवले. कोणता कप कोणाचा, हे ओळखण्याची सोयच उरली नाही. दोघांनी महिनाभर चहा सोडला. नंतर तलफ जिंकली!

घरच्यासाठी चार शब्द

जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नये, तासभर अंतर ठेवावे. चहातील घटकांमुळे डाळ-भाजीतील लोह शरीराला नीट मिळत नाही. आपल्या आयाबहिणींत रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. त्यांनी हे विशेष पाळावे. सकाळी उपाशीपोटी चहा आणि दुपारी दोनला जेवण, ही रीत मोडली पाहिजे. लहान मुलांना दुधाऐवजी चहा-पाव देऊ नये.

आम्ही बी.कॉम. झालेले, म्हणून थोडा हिशेब. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम साखर. महिन्याला सव्वा किलोच्या जवळपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा असे सांगते. प्रत्येक कपात एक चमचा कमी केला तरी पैसाही वाचेल, प्रकृतीही. गार चहा करायचाच असेल तर घरी कोरा चहा करून माठात किंवा फ्रिजमध्ये गार करावा व लिंबू पिळावे. रस्त्यावरच्या बर्फाचे पाणी कोठले, हे आधी विचारावे.

आणि कोणी भिक्खू दुपारनंतर घरी आले तर कोरा चहा करावा, सोबत गुळाचा खडा ठेवावा.

आई आता नाही. शेवटच्या दिवसांत तिला दुधाचा चहा पचत नसे. ती कोरा चहा मागे आणि म्हणे, "भन्तेजीसारखा दे." आम्ही तो त्याच नव्या कपातून देत असू. कप अजून घरात आहे. त्याचा कान शाबूत आहे.

जयभीम!