वजन नसलेल्या घरातला वजनकाटा

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स यांचे अंतराळस्थानकातले एक छायाचित्र घरोघर फिरले. गाल बसलेले दिसत होते. जूनमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून वर गेलेली ही बाई पाच महिने उलटले तरी वरच. तेव्हा सगळ्यांच्याच मनात काळजी. “किती वाळली हो बिचारी!” असे आमच्या शेजारच्या आजी सख्ख्या लेकीबद्दल बोलावे तशा बोलल्या. त्यावर खुद्द सुनीताबाईंनी खुलासा केला, की निघताना होते तेवढेच वजन अजूनही आहे.

आजींचे समाधान झाले, पण माझ्या नातीचे झाले नाही. सातवीतली पोर ती. म्हणाली, “आजोबा, तिथे तर वजनच नसतं. मग त्यांनी ते मोजलं कशावर?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. वाण्याचा तराजू घ्या की दवाखान्यातला काटा घ्या, दोघांचीही सारी भिस्त पृथ्वीच्या ओढीवर. अंतराळात स्थानक आणि त्यातली माणसे पृथ्वीभोवती एकत्रच पडत असतात; त्यामुळे पायाखालचा काटा दाबलाच जात नाही. ऐंशी किलोचा गडी उभा राहिला तरी काटा शून्यावरच. पण एक गोष्ट तेथेही हरवत नाही, ती म्हणजे जडत्व. जड वस्तू हलवायला तेथेही जास्त जोर लागतो आणि चालू लागली की थांबवायलाही. वजन गेले तरी वस्तुमान राहते. ते मोजायचे साधन कोणते? एक साधी स्प्रिंग!

वाचकहो, हे पटावे म्हणून आम्ही आजोबा-नातीने केलेला प्रयोग सांगतो. बाळाची झोळी टांगतात ती स्प्रिंग माळ्यावर पडून होती. ती छताच्या कडीला अडकवली, खाली गव्हाचा डबा बांधला. सगळे मिळून ५ किलो. डबा जरासा खाली ओढून सोडला आणि घड्याळ लावले. २० हेलकाव्यांना १८ सेकंद लागले. मग डबा थोडा अधिक ओढून सोडला. हेलकावे मोठे झाले, पण वेळ तीच, १८ सेकंद!

असे का व्हावे? स्प्रिंग दुप्पट ताणली, की ती दुप्पट जोराने मागे ओढते. वाट दुप्पट झाली खरी, पण वेगही दुप्पट झाला. म्हणून वेळ बदलत नाही. ताण आणि जोर यांचे हे नाते रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधले. गृहस्थ मोठा सावध. १६७६ साली त्याने हा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये ते कोडे स्वतःच उलगडले. शोधाचा मान तर आपला राहावा, पण गुपित फुटू नये, असा दुहेरी बेत! या नियमाने चालणाऱ्या हेलकाव्यांना शास्त्रात सरल हरात्मक गती म्हणतात.

पुढे डब्याचे वजन १० किलो केले. “आता ३६ सेकंद,” नात म्हणाली. लागले २५ सेकंदांहून किंचित जास्त. वस्तुमान दुप्पट झाले की वेळ सुमारे १.४ पट होते. वेळ दुप्पट व्हायला वस्तुमान चौपट लागते. एवढा हिशेब ठाऊक असला, की हेलकाव्यांची वेळ मोजून वस्तुमान सांगता येते. मौज अशी, की या हिशेबात पृथ्वीची ओढ कोठेच येत नाही. डबा चंद्रावर नेऊन टांगला तर स्प्रिंग कमी लोंबेल. हेलकाव्याची वेळ मात्र तीच राहील.

गव्हाऐवजी बादलीभर पाणी टांगून पाहिले, तेव्हा पाणी डुचमळून हेलकाव्यांची शिस्तच बिघडली. ही अडचण पुढे कामी येणार आहे.

अमेरिकेने मे १९७३ मध्ये स्कायलॅब ही प्रयोगशाळा आकाशात सोडली. महिनोन्‌महिने वर राहिलेल्या माणसाच्या शरीराचे काय होते, हे तिच्यात पाहायचे होते. विल्यम थॉर्नटन या डॉक्टर-अंतराळवीराने तिच्यासाठी स्प्रिंगवर हेलकावणारी खुर्ची तयार केली. अंतराळवीराने तिच्यात अंग आखडून बसायचे, पट्टे आवळायचे आणि श्वास रोखायचा. कारण माणसाचे शरीर म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच, ते डुचमळून कसे चालेल? खुर्ची मागेपुढे हले, यंत्र वेळ मोजी, आणि त्यावरून वस्तुमान निघे. ताटात उरलेले अन्न आणि मलसुद्धा अशाच छोट्या यंत्रांवर तोलला जाई. खाल्ले किती, अंगी लागले किती, याचा चोख जमाखर्च!

त्या जमाखर्चाला फार मोल होते. स्कायलॅबवर तीन तुकड्या राहिल्या: २८, ५९ आणि ८४ दिवस. पहिल्या तुकडीचे वजन आणि पायांची ताकद घटलेली दिसली, म्हणून पुढच्यांचा आहार आणि व्यायाम वाढवला. व्यायाम अर्ध्या तासावरून दीड तासापर्यंत नेला. परिणाम असा, की सर्वांत जास्त दिवस राहिलेली तिसरी तुकडी सर्वांत कमी खंगून परतली. आकडे हाती नसते, तर हे औषध कोणी सुचवले असते?

आजच्या अंतराळस्थानकातही स्प्रिंगची दोन यंत्रे आहेत. रशियन यंत्रावर माणूस हेलकावतो. अमेरिकन यंत्रात स्प्रिंग ठरावीक जोराने ओढते आणि वेग किती झपाट्याने वाढतो त्यावरून हिशेब होतो. सुनीताबाई १८ मार्च २०२५ रोजी सुखरूप उतरल्या.

आणि हा काटा आपल्याकडे पूर्वीपासून आहेच! महिन्याचे बाळ झोळीत असते तेव्हा झोळी भराभर वरखाली होते. बाळ बाळसे धरते तसतसा तिचा ठेका संथ होत जातो. दोरी हाती असलेल्या आईने मनाशी हेलकावे मोजून पाहावेत. मूल अंगी लागते आहे की नाही, हे तिला वजनकाट्याशिवायही कळेल.